मोबाइलवर काय पाठवायचं आणि वर्गात काय ठेवायचं

पत्र: मी उमरेड रोडवरच्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दहावीच्या वर्गात ५४ मुलं आहेत. निम्मी जवळपासच्या वस्त्यांमधली, बाकीची बसने खेड्यांतून येणारी. शाळा सुरू होताच मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, यंदा ब्लेंडेड लर्निंगचं तुम्ही बघा,’ आणि दहा हजार रुपये मंजूर केले. मी रोज रात्री आठला झूमवर तास घेऊ लागले. पहिल्या आठवड्यात तीसेक मुलं होती, आता आठ-नऊ येतात, त्यांचेही कॅमेरे बंद. पालक म्हणून राहिले की डाटा संपतो. इकडे काही मुलं कोचिंगच्या ॲपवर धडा आधीच शिकून येतात आणि वर्गात कंटाळतात. माझं काय चुकतंय? आणि खरं सांगा, दहा वर्षांनी आमच्यासारख्या शिक्षकांची गरज उरेल का? — एक गणित शिक्षिका, नागपूर

नमस्कार मॅडम,

मुलं गळाली यात तुमच्या शिकवण्याचा दोष नाही, दोष बेताचा आहे. दिवसभर शाळेत बसून आलेल्या मुलासमोर रात्री आठला पुन्हा तसाच तास, तोही तळहाताएवढ्या पडद्यावर, हा बेत कुठल्याच शाळेत टिकत नाही. पालकही खोटं बोलत नाहीत. गटाच्या व्हिडिओ कॉलला तासाला एक जीबीच्या आसपास डाटा सहज जातो. घरात एकच फोन आणि रोजचा दीड जीबीचा रिचार्ज असेल, तर तुमच्या एका तासात घरातल्या सगळ्यांचा दिवस संपला. म्हणून रात्रीचा झूम या आठवड्यापासून बंद करा, आणि मुख्याध्यापकांना तसं स्पष्ट सांगा.

झूम बंद करायचा, पण मिश्र अध्यापन, म्हणजे वर्ग आणि पडदा यांची जोड (तुमचं ब्लेंडेड लर्निंग), सोडायचं नाही. या विषयावर आपल्याच देशात चांगले प्रयोग झालेत आणि त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या शाळांत संगणकावरच्या गणिताचा अभ्यास झाला. शिक्षकाचा तास काढून त्या जागी संगणक दिला तिथे मुलं मागे पडली. शाळेनंतर जादा म्हणून दिला तिथे पुढे गेली, आणि कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर झालेल्या माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणितात ठळक प्रगती दिसली. तिथेही केंद्र शाळेच्या वेळेबाहेर चालायचं, सॉफ्टवेअर मुलाच्या खऱ्या पातळीपासून सुरू व्हायचं, आणि सोबत माणसाने घेतलेली छोट्या गटाची शिकवणी असायची. तेव्हा पडद्याला तुमच्या तासिकेची जागा देऊ नका. तासिकेच्या आधीची आणि नंतरची जागा द्या. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पहिलं काम चौकशीचं. ‘घरी मोबाइल आहे का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि त्यातून काहीच कळत नाही. विचारायचं ते असं: संध्याकाळी सात ते दहा फोन कुणाच्या हातात असतो? त्याच घरात अजून किती मुलं शिकतात? भाऊ-बहीण दोघं असतील तर आधी फोन कुणाला मिळतो? (मुलींच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका.) रिचार्ज महिन्यात कधी संपतो आणि नवा मारायला किती दिवस जातात? फोनमध्ये जागा आहे की ‘स्टोरेज फुल’ येतं? घराच्या कुठल्या कोपऱ्यात रेंज मिळते? एका तासिकेत कागदावर ही माहिती भरून घ्या. मुलांचे तीन गट दिसतील: स्वतःचा किंवा हवा तेव्हा फोन मिळणारी, रात्री अर्धा-पाऊण तास मिळणारी, आणि साधा बटनाचा फोन असलेली किंवा फोनच नसलेली. बेत तिसऱ्या गटाला धरून आखायचा. पहिल्या गटाला धरून आखला की महिन्याभरात तुमच्याच वर्गात दोन वर्ग होतात.

आता घरी काय जावं ते ठरवू. जे मुलाला थांबवून, मागे घेऊन पुन्हा पाहावं लागतं ते घरी जावं: भौमितिक रचनेच्या पायऱ्या, एखाद्या सूत्राची मांडणी, एक सोडवलेलं उदाहरण. मुलाची चूक जिथे दिसते आणि तिथल्या तिथे पकडता येते ते वर्गात राहावं, म्हणजे सोडवणं, चुकणं, शेजाऱ्याला समजावणं, फळ्यापुढे उभं राहून वाद घालणं. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात. समजावणं वर्गात, उदाहरणं घरी. मूल अडतं घरी, आणि तिथे विचारायला कुणी नसतं.

एकाच धड्यापासून सुरुवात करा. अंकगणिती श्रेढी बरी पडेल. रविवारी संध्याकाळी सहा मिनिटांचा एक व्हिडिओ आणि त्याच मजकुराचं एक पान. पान शनिवारीच शाळेत वाटायचं, म्हणजे तिसऱ्या गटाच्या हातातही धडा पोचतो. सोमवारी तासिकेच्या सुरुवातीला चार बोटं रुंद कागदाच्या चिठ्ठीवर तीन प्रश्न. हे प्रश्न तयार करताना घाई करू नका, सगळी मेहनत इथेच लागते. उदाहरणार्थ: ५, ८, ११, … या श्रेढीचं विसावं पद कोणतं? बरोबर उत्तर ६२. ज्याने ६५ लिहिलं त्याने फरक १९ ऐवजी २० वेळा मिळवला. ज्याने ५७ लिहिलं तो पहिलं पद मिळवायला विसरला. ज्याने ६० लिहिलं त्याच्या या दोन्ही चुका झाल्यात, तो नुसता वीस त्रिक साठ करून मोकळा झाला. चुकीचं उत्तर पाहताच चूक कुठली ते कळावं, असेच प्रश्न निवडा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्गातून मिळणारा होकार याच्यापुढे काहीच नाही.

चिठ्ठ्या गोळा करा आणि मुलं फळ्यावरचं एक उदाहरण सोडवत असताना टेबलावर ढीग लावा. ५४ चिठ्ठ्यांना सवय झाली की सहा-सात मिनिटं पुरतात. ६५ वाल्यांना एकत्र बसवून तुम्ही दहा मिनिटं द्या. फरक किती वेळा मिळवला ते पायऱ्या काढून, बोट ठेवून मोजायला लावा. ६२ वाल्यांना त्याच धड्यातलं अवघड शाब्दिक उदाहरण. कोचिंगवरून शिकून येणारी, तुमच्या वर्गात कंटाळणारी मुलं याच ढिगात सापडतील, आणि त्यातली काही ६५ मध्येही सापडतील. ॲपवर धडा ‘पूर्ण’ दाखवला म्हणजे तो आला असं नसतं, हे त्यांना चिठ्ठी बोलण्याविना दाखवते. गुरुवारी पुन्हा तीन प्रश्न, पण त्यातला एक दोन आठवड्यांपूर्वीच्या धड्यावरचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या अभ्यासात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मधे स्वतः आठवून लिहिलेले पुढे निघाले. मुलं व्हिडिओ तीनदा पाहतात आणि ‘येतं’ म्हणतात, ते या पाच मिनिटांच्या भरवशावर.

व्हिडिओसाठी स्टुडिओ लागत नाही. टेबलावर कोरा कागद, जाड काळं पेन, वर आडवा टांगलेला फोन आणि तुमचा हात, एवढं पुरे. चेहरा दिसायची गरज नाही. स्टँड नसेल तर सारख्या उंचीच्या दोन डब्यांवर पट्ट्या ठेवून मधल्या फटीतून कॅमेरा खाली पाहील असा फोन ठेवा. उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डाव्या बाजूला घ्या, नाहीतर हाताची सावली नेमकी आकड्यांवर पडते. फोन फ्लाइट मोडवर. आवाजाकडे मात्र चित्राच्या दुप्पट लक्ष द्या. चित्र थोडं धूसर असलं तरी मूल पाहतं, आवाज खरखरला की बंद करतं. आपल्याकडे खरा शत्रू कूलर आणि पंखा. कूलर चालू असताना फोनच्या माइकवर रेकॉर्ड केलेलं काहीही वापरण्याजोगं नसतं. सकाळी सहा-साडेसहाला, दोन्ही बंद करून, वायरचा कॉलर माइक लावून बोला. ‘आज आपण पाहणार आहोत’ यात अर्धं मिनिट घालवू नका, थेट उदाहरण मांडा. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सगळ्यांत टिकून पाहिले गेले. तुमच्या सहा मिनिटांत दोनदा म्हणा, ‘इथे थांबवा, पुढची पायरी वहीत लिहा,’ आणि तीन सेकंद खरंच गप्प राहा. वहीतल्या त्या दोन ओळी सोमवारी दिसल्या पाहिजेत.

असा कागद-पेनचा व्हिडिओ ३६०पी मध्ये १५ ते ३० एमबीत बसतो, म्हणजे कुणाच्याही दिवसभराच्या डाटातून सहज निघतो. तरीही तो शाळेच्या टीव्हीवर चालेल असा पेन ड्राइव्हवरही ठेवा. पहिल्या व्हिडिओला दोन-अडीच तास जातील, पुढे वेळ कमी होतो. म्हणून आठवड्याला एकच. बाकीच्यासाठी बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपने स्कॅन करून काय मिळतं ते आधी स्वतः पाहा, चांगलं असेल तर तेच वापरा. यूट्यूबवरचं हिंदी शिकवणं कितीही छान असलं तरी तिथे समांतर श्रेणी म्हणतात आणि तुमच्या पुस्तकात अंकगणिती श्रेढी. कच्चं मूल हे दोन वेगळे धडे समजतं, तेव्हा पाठवायचंच असेल तर वर दोन ओळी लिहून पाठवा.

पाठवताना एक काळजी घ्याच. मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप बनवला की प्रत्येक मुलीचा किंवा तिच्या आईचा नंबर वर्गातल्या सगळ्यांच्या हातात जातो, आणि मग कुणाचे फोन येतात ते तुम्हाला कळतही नाही. ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तीही पालकांच्या नंबरांची. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट जात नाही. ‘मॅडम, आलंच नाही’ या तक्रारीचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. पालकसभेत सगळ्यांना तिथेच नंबर सेव्ह करायला लावा आणि संमतीच्या कागदावर सहीही घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. मुलांचे फोटो, गुण, नंबर कुठल्याही फुकटच्या ॲपमध्ये भरण्याआधी हे लक्षात असू द्या.

आता जिथे हा सगळा डोलारा कोसळतो तिथे येऊ. सोमवारी दहा-पंधरा मुलं काहीच न पाहता येतील. तुम्हाला दया येईल, आणि तुम्ही तोच धडा फळ्यावर पुन्हा शिकवायला घ्याल. असं एकदा केलं की पुढच्या सोमवारी पंचवीस मुलं न पाहता येतील, कारण पाहणाऱ्यांचा वेळ वाया गेला आणि न पाहणाऱ्यांचं काही अडलं नाही. त्यांना ओरडूही नका. मागच्या बाकांजवळ किंवा संगणक कक्षात पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ सात मिनिटं लावा. ती मुलं तिथे पाहतील, चिठ्ठी देतील आणि मग कामाला लागतील. बाकीचा वर्ग थांबत नाही. फोन नसलेल्यांसाठी ही सोय कायमची आहे, तिला शिक्षेचा वास येता कामा नये.

सलग दोन आठवडे जे मूल आलं नाही किंवा ज्याची चिठ्ठी कोरी आली, त्याच्या घरी फोन करा. मेसेज नाही, फोन. कोविडच्या काळात बोट्स्वानात झालेल्या अभ्यासात काही घरांना आठवड्याला गणिताचे एसएमएस पाठवले, काहींना एसएमएससोबत १५-२० मिनिटांचा शिकवणारा फोन केला. नुसत्या एसएमएसने विशेष काही हललं नाही, फोन आलेल्या घरची मुलं पुढे सरकली. आणि हा फोन बटनाच्या फोनवरही चालतो! तुम्ही पाच-सात मिनिटंच द्या. आईशी दोन वाक्यं, मग मुलाला एक उदाहरण तोंडी सांगायचं आणि तो काय करतोय ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. आठवड्याला सहा फोन, त्यापेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर दिवाळीपर्यंत तुम्हीच थकाल.

थेट ऑनलाइन तास कधीच नको असं आमचं म्हणणं नाही. परीक्षेआधी शंकांसाठी आठ-दहा मुलांचा गट, अर्धा-पाऊण तास, व्हिडिओ बंद, नुसत्या आवाजावर, हे उत्तम चालतं. केंद्राच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत शाळा बंद असतानाही नववी ते बारावीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त चार सत्रं सांगितली होती. तुमची शाळा तर चालू आहे.

उन्हाळ्याचं वेगळं सांगावं लागेल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. नववीतून दहावीत जाणाऱ्यांचा हा काळ मोठा असतो आणि कोचिंगवाले तो बरोबर हेरतात. पण मे महिन्यात दुपारी दोनला ऑनलाइन तास ठेवू नका. फोन तापून बंद पडतात, कूलरच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही, निम्मी मुलं आजोळी असतात आणि तिथे रेंज गच्चीवर मिळते. निकालाच्या दिवशी हातात सहा पानं द्या, आठवड्याला एक, प्रत्येकावर आठ उदाहरणं आणि शेवटी उत्तरं. पंधरा दिवसांतून एक फोन. पुरेसं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही गोड करून देणार नाही. समजावून सांगणं हे काम यंत्र करू लागलंय आणि अजून चांगलं करेल. नुसतं समजावून सांगणाऱ्या शिक्षकाची जागा आकसेल. पण तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांवर गणितात झालेला एआयचा अभ्यास तुम्ही लक्षात ठेवा. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी सरावात ४८ टक्के जास्त यश मिळवलं. मग तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुलं चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तर देण्याऐवजी शिक्षकांनी ठरवलेले इशारेच देणारा चॅटबॉट वापरला तिथे हे नुकसान जवळजवळ झालं नाही. कुठे थांबायचं, कुठला इशारा द्यायचा, हे ६५ आणि ५७ मधला फरक ओळखणाऱ्यालाच कळतं. ते काम तुमचं आहे आणि ते वाढणार आहे.

तुमच्या मुलांना एकट्याने पडद्यावरून शिकायची वेळ तर येणारच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरून करायची मुभा दिली आहे. तिथल्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींनी चालवलेल्या, अभ्यासक्रमांत आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के गुण असतात. शिकणं घरी, परीक्षा समोरासमोर. तिथे व्हिडिओ थांबवून वहीत लिहायची सवय नसलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात गळतं. ही सवय दहावीत लावून देणं हीच तुमच्या मिश्र अध्यापनाची मोठी कमाई ठरेल.

दहा हजारांचं म्हणाल, तर रिंग लाइट आणि वेबकॅम घेऊ नका. तीन-चारशेचा स्टँड, जवळपास तेवढ्याचाच वायरचा माइक, दोन पेन ड्राइव्ह, आणि बाकीचे पैसे वर्षभराच्या छपाईला व फोनच्या रिचार्जला ठेवा. सहा आठवड्यांनी मुख्याध्यापकांना व्हिडिओ किती जणांनी पाहिला हा आकडा दाखवू नका. गुरुवारच्या जुन्या धड्यावरच्या प्रश्नाला पहिल्या आठवड्यात किती बरोबर होते आणि सहाव्यात किती, हे दाखवा, तिसऱ्या गटाचे आकडे वेगळे काढून. आणि पैशांपेक्षा आधी त्यांच्याकडे वेळापत्रकातली एक मोकळी तासिका मागा, व्हिडिओ आणि फोनसाठी. हे काम रात्री घरी, स्वयंपाक आटोपल्यावर करायचं ठरलं तर ते दिवाळीनंतर चालणार नाही, हे त्यांना आत्ताच सांगा.